सोशल अँग्झायटीचं ॲप: ते तुम्हाला घराबाहेर काढतंय की घरात बसवतंय?

मोबाईलच्या ॲप स्टोअरमध्ये जाऊन 'सोशल अँग्झायटी' असं शोधून बघा. फिकट निळ्या-जांभळ्या रंगाची डझनावारी ॲप्स समोर येतील. डोळे मिटून बसलेली मुलगी, पावसाचा आवाज, मोठा-लहान होणारा गोल आणि त्याच्या तालावर श्वास घ्या-सोडा. रोज सकाळी 'आज कसं वाटतंय?' असा प्रश्न आणि पाच चेहऱ्यांपैकी एक निवडायचा. काही ॲप्समध्ये गप्पा मारणारा बॉटही असतो. तो कधी रागावत नाही, कधी कंटाळत नाही.

दिसायला सगळं छान आहे. तरीही माझं मत स्पष्ट सांगतो: चारचौघांत जायची भीती वाटणाऱ्या माणसाला फोनमध्ये आणखी सुखाने बसवून ठेवणारं ॲप हा उपचार नव्हे. अनेकदा ते आजाराला खतपाणीच असतं. अशा ॲपची परीक्षा एकाच गोष्टीवर व्हायला हवी. ते वापरून तुम्ही फोन खिशात ठेवलात का आणि ज्या माणसाला टाळत होतात त्याच्याशी बोललात का?

मी ॲपच्या विरोधात नाही. चांगलं ॲप बनू शकतं, आणि आपल्याकडे त्याची गरजही आहे. पण ते कसं असावं हे ठरवण्याआधी आजार समजून घ्यायला हवा.

हा नुसता लाजाळूपणा नाही

भिडस्त, बुजरी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात असतात. नव्या ठिकाणी थोडं अवघडतात, मग रुळतात. सोशल अँग्झायटी, म्हणजे सामाजिक प्रसंगांची तीव्र भीती, ही वेगळी गोष्ट आहे. 'लोक माझ्याकडे बघतायत, माझं काहीतरी चुकेल, हसं होईल' ही भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकते. तिच्यामुळे शिक्षण, नोकरी, लग्न, मैत्री अडते. बहुतेकांमध्ये सुरुवात शाळेच्या वयातच होते. घरचे 'अबोल आहे' म्हणून सोडून देतात आणि माणूस तिशीत पोहोचतो.

वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणं. तोंडी परीक्षेला दांडी मारणं. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला 'आणखी भात वाढा' म्हणता न येणं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाच्या विचाराने आठवडाभर झोप उडणं. बढती मिळाली तर मीटिंगमध्ये बोलावं लागेल म्हणून बढतीच नाकारणं. यातलं काही तुमच्या ओळखीचं वाटलं, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

भीती टिकते कशामुळे?

१९९५ साली डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी या आजाराचा एक आराखडा मांडला. आजचे बरेच परिणामकारक उपचार त्यावर उभे आहेत. सोप्या भाषेत सांगायचं तर भीती टिकवून धरणाऱ्या चार गोष्टी असतात.

१. टाळणं. कार्यक्रमाला जायचं रद्द केलं की छातीवरचा दगड उतरतो. हा सुटकेचा आनंद मेंदू लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं. 'गेलो असतो तर फारसं काही झालं नसतं' हे कळायची संधी मात्र जाते.

२. लक्ष आत वळणं. समोरचा काय बोलतोय यापेक्षा माझा आवाज थरथरतोय का, चेहरा लाल झालाय का, घाम दिसतोय का, याकडेच सगळं लक्ष. आतून जितकं घाबरल्यासारखं वाटतं, तितकंच बाहेरून दिसत असणार अशी खात्री पटते. प्रत्यक्षात बाहेर त्यातलं फार थोडं दिसतं.

३. बचावाच्या सवयी. हात थरथरू नयेत म्हणून कप दोन्ही हातांनी धरणं, प्रत्येक वाक्य मनात पाठ करून मगच बोलणं, कोपऱ्यात उभं राहून मोबाईलमध्ये डोकं घालणं. प्रसंग पार पडला की श्रेय या सवयीला मिळतं. 'मोबाईल होता म्हणून निभावलं.'

४. नंतरची चिरफाड. रात्री अंथरुणात पडल्यावर दिवसभराचं एकेक वाक्य उकरून काढणं आणि 'मी असं का बोललो' म्हणून स्वतःला टोचत राहणं.

आता ही यादी हातात घेऊन ती निळी-जांभळी ॲप्स पुन्हा बघा.

तीन चुका, ज्या ॲप्समध्ये पुन्हा पुन्हा दिसतात

पहिली चूक: शांत करणं म्हणजेच उपचार असं समजणं. दीर्घ श्वसन वाईट नाही. झोपताना करा, परीक्षेच्या आदल्या रात्री करा. पण प्रत्येक भेटीआधी दहा मिनिटं ॲप लावून श्वास घेतल्याशिवाय दाराबाहेर पाऊल पडत नसेल, तर ती नवी बचावाची सवय झाली. मनाला शिकायचं असतं की 'धडधड होत असतानाही मी बोलू शकतो'. ॲप शिकवतं की 'आधी धडधड थांबव, मग बोल'. धडधड थांबायची वाट बघत माणसं वर्षानुवर्षं घरात बसतात. ब्रिटनमधली उपचारांचे निकष ठरवणारी 'नाईस' ही संस्था २०१३ च्या मार्गदर्शिकेत प्रौढांच्या सोशल अँग्झायटीसाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी मानसोपचार पद्धत, पहिल्या पसंतीने सुचवते. माइंडफुलनेसवर आधारलेले उपचार या आजारासाठी सरसकट देऊ नयेत, असंही तिथेच म्हटलेलं आहे. तरी आपल्या फोनमध्ये नेमकं तेच सगळ्यात आधी येतं.

दुसरी चूक: दिवसभर स्वतःलाच तपासायला लावणं. 'आत्ता चिंता किती? शून्य ते दहा.' 'नाडीचे ठोके मोजा.' 'आज चेहरा कोणता?' ज्या माणसाचा आजारच स्वतःकडे सतत बघण्याचा आहे, त्याच्या हातात आपण आणखी एक आरसा देतो. त्याला विचारायचं तर असं विचारावं: 'समोरच्या बाईंच्या साडीचा रंग कोणता होता? त्या कशाबद्दल बोलत होत्या? त्यांना कशाचं हसू आलं?' लक्ष बाहेर वळवण्याचा हा सराव उपचारांचा भाग आहे. ॲपमध्ये तो घालणं अजिबात अवघड नाही.

तिसरी चूक: माणसाऐवजी बॉट. एखादं वाक्य कसं सुरू करावं याची तालीम बॉटबरोबर जरूर करा. पण बॉट मध्येच घड्याळाकडे बघत नाही, जांभई देत नाही, 'काय? ऐकू आलं नाही' असं वसकन म्हणत नाही. आपल्याला भीती तर याचीच वाटते! गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला डबा बांधतात, पण त्याला पाण्यात सोडतात आणि पुढे एक दिवस डबाही काढून घेतात. बॉटशी रोज तासभर गप्पा मारून 'माझं सोशल स्किल सुधारतंय' म्हणणारा तरुण अजून विहिरीच्या काठावरच बसलेला असतो, पाठीला डबा बांधून.

मग चांगलं ॲप कसं असावं?

ॲप बनवणाऱ्या मित्रांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर ऐका. आणि रुग्ण वाचकांनो, हे तुमच्यासाठीही आहे, कारण मागणी तुम्ही केलीत तरच असं ॲप बनेल.

ॲपच्या मध्यभागी पायऱ्यांची शिडी हवी. ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जाणं, हाच उपचारांचा गाभा आहे. समजा, एखाद्याला फोनवर बोलायची भीती आहे. त्याची शिडी अशी असू शकते:

- जवळच्या दुकानात फोन करून 'किती वाजेपर्यंत उघडं असतं?' एवढंच विचारणं.
- तसाच फोन, पण घरात माणसं असताना आणि खोलीचं दार न लावता.
- गॅस एजन्सीला फोन करून सिलिंडर कधी येणार ते विचारणं.
- फोनवर मुद्दाम थोडं अडखळणं किंवा 'माफ करा, पुन्हा सांगाल का?' असं म्हणणं.
- ज्या काकांचा फोन आपण नेहमी उचलत नाही, त्यांना स्वतःहून फोन करणं.
- ऑफिसमध्ये सगळे बसलेले असताना साहेबांना फोन करून सुट्टी मागणं. मेसेज पाठवून नाही.

प्रत्येकाची शिडी वेगळी असते. ॲपने ती तयार करायला मदत करावी, सगळ्यांना एकच शिडी देऊ नये.

प्रत्येक पायरीला दोन नोंदी हव्यात. आधीची: 'काय होईल असं वाटतं?' आणि नंतरची: 'काय झालं?' आधी तुम्ही लिहाल, 'दुकानदार वैतागेल, माझा आवाज थरथरेल, तो हसेल. खात्री १०० पैकी ८०.' फोन झाल्यावर लिहाल, 'नऊ वाजेपर्यंत, असं म्हणाला आणि फोन ठेवला.' अशा वीस नोंदी समोरासमोर दिसल्या की जो बदल होतो, तो कोणाच्या समजावण्याने होत नाही. एखाद्या वेळी दुकानदार खरंच वैतागेल. तेही लिहायचं, आणि पुढे लिहायचं की त्यानंतर मी चहा प्यायलो आणि कामाला गेलो. माणूस वैतागला तरी आपलं आयुष्य थांबत नाही, हेसुद्धा शिकायचं असतं.

शिडी आपल्या मातीतली हवी. 'पार्टीत अनोळखी व्यक्तीशी संवाद सुरू करा' हे कुठल्या तरी परक्या देशातल्या कॉलेजात ठीक असेल. आपल्याकडे एसटीत कंडक्टरकडे राहिलेले सुट्टे पैसे मागणं, हळदी-कुंकवाला जाणं, सोसायटीच्या सभेत एक वाक्य बोलणं, बँकेच्या काउंटरवर सगळ्यांसमोर सही करणं, दुकानात घेतलेली वस्तू परत करणं, हे आपले प्रसंग आहेत. गावातल्या एकट्या मुलीला 'रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशी बोला' असं काम देणारं ॲप बेजबाबदार आहे. तिच्यासाठी वर्गातली बाकावरची मैत्रीण, ग्रंथालयातल्या बाई, औषधाचं दुकान अशी कामं निवडायला हवीत. आणि भाषा घरात बोलतो ती मराठी हवी. यंत्राने उलथवलेली नको. 'पोटात गोळा येतो', 'जीभ टाळ्याला चिकटते', 'पाय लटपटतात' असंच आपण डॉक्टरांना सांगतो ना?

हजेरीची साखळी आणि स्पर्धा नको. 'तुमची १२ दिवसांची साखळी तुटली!' असा संदेश ज्याला आधीच आपण कमी पडतो असं वाटतं, त्याला काय करतो याचा विचार करा. 'तुमच्या मित्राने सात कामं पूर्ण केली' हे तर त्याहून वाईट. लोकांच्या मापाला घाबरणाऱ्या माणसाला ॲपने आणखी एक माप लावू नये.

ॲपच्या मागे माणूस हवा. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात खर्चिक आहे, म्हणून बहुतेक कंपन्या तो गाळतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक आरोग्याच्या ९३ ॲप्सचा वापर तपासला गेला. ॲप घेतल्यावर पंधराव्या दिवशीही ते उघडणारे लोक साधारणपणे १०० पैकी जेमतेम ४ होते. कंपन्यांनी यावर उपाय काय शोधला? आणखी नोटिफिकेशन. खरं उत्तर मात्र त्याच्या अकरा वर्षं आधीच समोर आलं होतं. ऑस्ट्रेलियात निकोलाय टिटॉव्ह, गॅव्हिन अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सोशल अँग्झायटीचा इंटरनेटवरचा सहा धड्यांचा कार्यक्रम दोन प्रकारे देऊन पाहिला. एका गटाबरोबर तज्ज्ञ संपर्कात होते, दुसरा गट एकट्याने शिकत होता. पहिल्या गटात १०० पैकी ७७ जणांनी सगळे धडे पूर्ण केले, दुसऱ्यात ३३ जणांनी. एकट्याने पूर्ण करणाऱ्यांनाही चांगला फायदा झाला, पण तिथवर पोहोचले थोडेच. आठवड्यातून एकदा 'काय झालं त्या फोनचं?' असं विचारणारं कोणीतरी लागतं. समुपदेशक असेल तर उत्तम. नसेल तर ॲपने तुमच्या भरवशाच्या एका मित्राला किंवा बहिणीला त्या कामात सामील करून घ्यावं.

गुपित राखायला हवं. 'लोकांना कळलं तर?' हीच ज्याची भीती, त्याची नोंद विकली जाणं यापेक्षा मोठा विश्वासघात कोणता? ही काल्पनिक शक्यता नाही. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर कारवाई केली, कारण ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना दिली गेली होती. त्या प्रकरणात कंपनीला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. आपल्याकडेही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. पण कायदा कागदावर असतो आणि फोन घरात चौघांच्या हातात फिरतो. म्हणून नोंदी फोनमध्येच राहाव्यात, ॲपला वेगळं कुलूप असावं आणि बाहेरच्या चित्रावर किंवा नोटिफिकेशनमध्ये आजाराचं नाव दिसू नये.

'पण डॉक्टर, काहीच नसण्यापेक्षा बरं ना?'

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो खरा आहे. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार चिंता, नैराश्य यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या १०० पैकी सुमारे ८५ रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ मिळणं कठीण. आणि या आजाराची गंमत अशी की उपचार घ्यायला जायचं तर रिसेप्शनवर नाव सांगावं लागतं, चार लोकांसमोर बाकावर बसावं लागतं, अनोळखी डॉक्टरशी बोलावं लागतं. ज्याची भीती, तेच दारात उभं! अशा माणसासाठी फोन ही पहिली पायरी ठरू शकते, हे मला मान्य आहे.

किंबहुना म्हणूनच मी इतका आग्रह धरतो. ब्रिटनमध्ये डेव्हिड क्लार्क यांच्या गटाने आपल्या उपचारांचं इंटरनेटवरचं रूप तयार करून तपासलं. ते समोरासमोरच्या उपचारांइतकंच परिणामकारक ठरलं आणि तज्ज्ञाचा वेळ निम्म्याहूनही कमी लागला. म्हणजे हे शक्य आहे. पण त्यात सामोरं जाण्याचे प्रयोग होते आणि मागे प्रशिक्षित माणूस होता. नुसता पावसाचा आवाज लावून असे निकाल मिळत नाहीत.

'काहीच नसण्यापेक्षा बरं' याचा तोटाही बघा. सहा महिने ॲप वापरलं, फरक पडला नाही, की माणूस म्हणतो, 'मी उपचार करून बघितला, माझं काही होणार नाही.' खरं तर त्याला उपचार मिळालेलेच नसतात. पण पुढच्या वेळी दार ठोठावायची उमेद तो गमावून बसतो. शब्दांची अशी फसवणूक करायचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही.

तुमच्या फोनमधलं ॲप आजच तपासा

- गेल्या आठवड्यात या ॲपमुळे मी टाळत असलेली एक तरी गोष्ट केली का?
- ते मला पायरी चढायला सांगतं, की फक्त शांत बसायला?
- त्यात माझा अंदाज आणि प्रत्यक्षात काय घडलं, हे दोन्ही लिहिता येतं का?
- त्यामागे तज्ज्ञ कोण आहेत, हे स्पष्ट लिहिलंय का?
- माझी माहिती कुठे जाते, हे समजेल अशा भाषेत सांगितलंय का?
- जीव नकोसा वाटण्याचे विचार आले तर काय करायचं, हे पहिल्याच पानावर आहे का?
- मी बरा झालो की ते मला निरोप देईल, की वर्षाची वर्गणी मागत राहील?

यातल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर महिनाभर 'नाही' येत असेल, तर ते ॲप काढून टाका. एक साधी वही घ्या. डाव्या पानावर 'काय होईल असं वाटतं', उजव्या पानावर 'काय झालं'. सगळ्यात सोप्या पायरीपासून सुरू करा आणि ती पायरी कंटाळा येईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. मग पुढची. त्या वेळी बचावाची एक सवय मुद्दाम सोडा. एका वहीने होणारं काम जे ॲप करत नाही, त्याला पैसे का द्यायचे?

डॉक्टरकडे कधी जायचं?

भीतीमुळे शिक्षण, नोकरी किंवा नाती अडली असतील, उदास वाटत असेल, किंवा लोकांत जाण्याआधी दारू घ्यावी लागत असेल, तर वही किंवा ॲपवर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सीबीटीबरोबर किंवा तिच्याऐवजी एसएसआरआय गटातली औषधं उपयोगी पडतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करायची नसतात. मेडिकलमधून 'झोपेची गोळी' आणून समारंभाला जाऊ नका. त्या गोळ्यांची सवय लागते आणि आजार तसाच राहतो.

प्रत्यक्ष भेटणं आज जमत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर हा फोन आत्ताच करा, आणि घरातल्या एका माणसालाही सांगा.

फोनवर बोलायचीच भीती वाटते? मग हीच तुमच्या शिडीची पहिली पायरी समजा. आधी वहीत लिहा, 'काय होईल असं वाटतं.' मग नंबर फिरवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)